शेंदराखालचं जनावर

माझे वडील भिक्षुकी करत आणि उरलेल्या वेळात इतिहास लिहीत. आता दोन्ही बंद आहे. वय शहाऐंशी. एका डोळ्याने दिसत नाही, आणि दुसऱ्याने जे दिसतं ते त्यांना पटत नाही. घरात आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, बाहेर सगळे गुरुजी. सांगवी, पिंपळी, कन्हेरी आणि तिकडे इंदापूरच्या शिवेपर्यंत त्यांचे यजमान. आधी सायकलवर, मग एसटीने, मग कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून ते पंचेचाळीस वर्षं हिंडले. पूजा आटोपली की जेवण वाढेपर्यंत तास-दीड तास मिळतो. बाकीचे भटजी तेवढ्यात डुलकी काढतात. अण्णा घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस गाठून विचारत बसायचे, तुमचं मूळ गाव कोणतं, ही विहीर कुणी बांधली, वेशीतला दगड कुणाचा.

लिहून घ्यायला कागद म्हणजे लग्नपत्रिका. भटजीच्या घरी पत्रिकांना काय तोटा. पाठच्या कोऱ्या बाजूला मुंगीएवढं अक्षर. एका गावच्या पत्रिका एका टॉवेलात बांधायच्या. टॉवेलही पूजेतलेच, टॉवेल-टोपी करून आलेले. त्यावरून आईचं आणि त्यांचं जन्मभर भांडण. नवेकोरे टॉवेल घरात, पण अंग पुसायला एक मिळेल तर शपथ, सगळे इतिहासाला. कोणत्या टॉवेलात कोणतं गाव हे एकट्या अण्णांना ठाऊक.

मी बारामतीतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. निवृत्त बाईला रिकामं बसू द्यायचं नाही, असा आपल्याकडे अलिखित नियम आहे. तालुक्यातल्या हौशी मंडळींनी एक समिती केली, अण्णांच्या लेखांचा संग्रह काढायचं ठरवलं आणि टायपिंग माझ्या गळ्यात मारलं. समितीत नऊ माणसं. टाइप करणारी मी एक. बाकीचे आठजण फोन करून विचारायचे, कुठवर आलं.

संग्रहातला अकरावा लेख एका वीरगळावर आहे. वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या माणसाच्या आठवणीला उभा केलेला कोरीव दगड. आपल्याकडे बहुतेक गावांत वेशीजवळ असतो, आणि लोक त्याला शेंदूर लावून लावून देव करून टाकतात. हा दगड इंदापूरच्या शिवेवरच्या एका गावात आहे. गावाचं नाव सांगत नाही, मला तिथल्या हळदीकुंकवाला अजून जायचं असतं. गावात दोन आळ्या, वरची आणि खालची, आणि दगडातला वीर दोघींचा. वरची आळी म्हणायची, तो आमचा पूर्वज, घोडेस्वार होता, लढाईत पडला. खालची म्हणायची, तो आमचा माणूस, गावाची गुरं राखायचा, गुरं पळवायला आले त्यांच्याशी भांडताना मेला. यात्रेचा पहिला नारळ एक वर्ष वरची आळी फोडायची, एक वर्ष खालची. शेंदराखाली काय कोरलंय ते कुणालाच दिसत नव्हतं, त्यामुळे गाव गुण्यागोविंदाने नांदत होतं.

मग अण्णांनी लेख लिहिला.

शेंदराच्या उंचवट्यांवरून त्यांनी ठरवलं की खालच्या चौकटीत चार पायांचं, मान वर केलेलं जनावर आहे, सबब तो घोडा. ज्या दिवशी ठरवलं त्या दिवशी ते वरच्या आळीत पुरणपोळीला होते. पुरणपोळीचा आणि घोड्याचा काही संबंध नाही, असं अण्णा आजही सांगतात, कुणी विचारलेलं नसताना. लेख एका दिवाळी अंकात आला. वरच्या आळीने तो फ्रेम करून देवळात लावला, आणि पुढच्या यात्रेपासून पहिला नारळ कायमचा तिकडे गेला.

खालच्या आळीतले तात्या तेव्हा ऐन तिशीत होते. त्यांची आजी हयात होती. गुरांची हकीकत तिचीच, तिला तिच्या सासूने सांगितलेली. लेख आल्यावर तात्यांनी अण्णांना भर पारावर विचारलं, "गुरुजी, आमची म्हातारी गाय म्हनती. तुमी घोडा कसा लिव्हला?"

अण्णा त्या वर्षी जरा जास्तच विद्वान होते. म्हणाले, "तात्या, म्हाताऱ्या सांगतात त्याला इतिहास म्हणत नाहीत. पुरावा आणा."

पारावरचे लोक हसले. हसणं तिथेच संपलं असतं तर बरं, पण ते नळावर गेलं. बायका म्हातारीला विचारायला लागल्या, काय गं म्हातारे, तुझी गाय किती दूध देती. म्हातारीने नळावर जाणं सोडलं आणि ती गोष्टही सोडली. नातवंडांनी हट्ट केला तरी सांगेना. दोन वर्षांनी ती गेली.

तेव्हापासून तात्या दर संक्रांतीला उसाची मोळी घेऊन आमच्याकडे येतात. चहा होतो, पाऊसपाणी होतं, कारखान्याला शिव्या देऊन होतात, आणि उठताना तात्या दारात थांबून म्हणतात, "गुरुजी, म्हातारी खोटं बोलत न्हवती, येवढं येकदा म्हना की."

अण्णा म्हणायचे, "पुरावा, तात्या."

"बरं," म्हणून तात्या जायचे. नारळाबद्दल कधी अवाक्षर नाही. मला पहिल्यापासून वाटायचं, काय हा हट्टी माणूस. हट्टी दोघेही होते, हे कळायला मला केस पिकावे लागले.

यात खरी गोम अशी की पुरावा शेंदराच्या खाली आणि शेंदूर खरवडणं महापाप. थरावर थर चढत जातो, आणि कधी पन्नास-साठ वर्षांनी उन्हाने तडकून ती सगळी खोळ आपोआप गळून पडते. देवाने कवच टाकलं म्हणतात. तोवर वाट बघायची. शिवाय दर दसऱ्याला त्या दगडाला शेंदूर लावायचा मान गुरुजींचा. म्हणजे तात्यांकडे पुरावा मागणारे अण्णाच दरवर्षी त्या पुराव्यावर एक हात चढवून यायचे.

गेल्या वैशाखात सकाळी गावच्या गुरवाचा फोन आला. "गुरुजींना द्या. देवानं कवच टाकलं."

पुस्तकाची शेवटची प्रुफं माझ्यासमोर होती. समितीचे अध्यक्ष रोज तारखेची आठवण करून देत होते. हे अध्यक्ष म्हणजे त्याच गावच्या वरच्या आळीचे आबा. माणूस चांगला आहे, मोठ्याने बोलतो एवढंच. अकराव्या लेखावर त्यांचा फार जीव. मुखपृष्ठावर घोडा टाका म्हणून तीनदा सांगून झालं होतं.

अण्णा धोतर नेसून तयार. मी गाडी काढली. कन्हेरी मागे गेल्यावर अण्णा एकदाच म्हणाले, "हळू चालव," आणि मी चाळीसवर होते.

कवच टाकल्यावरची रीत ठरलेली आहे. पडलेली खोळ नव्या फडक्यात बांधून नीरा नदीत सोडायची. दगडाला अंघोळ घालायची आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत नवा शेंदूर चढवायचा. तोवर देव उघडा असतो, म्हणून त्याला कुणी बघायचं नाही, फोटो काढायचा नाही. भोवती धोतराचा पडदा धरतात. पडद्याच्या आत गुरव आणि भटजी, बाहेर सगळं गाव. पडदा धरायचा मान दोन्ही आळ्यांच्या वडीलधाऱ्यांचा, आणि धरणाऱ्यांनी देवाकडे पाठ करायची. त्या दिवशी एक टोक आबांच्या हातात होतं, दुसरं तात्यांच्या. अण्णांना नीट दिसत नाही म्हणून हात धरायला मला आत घेतलं. बाई आत कशी, असं एकजण पुटपुटला. अण्णा म्हणाले, "ती माझे डोळे आहे," आणि तो विषय संपला.

गुरवाने कळशी ओतली. शेंदराचा लाल ओघळ खाली गेला आणि काळा दगड वर आला. वर चंद्र-सूर्य. त्याखाली पिंडीची पूजा करणारा माणूस. अगदी खाली तोच माणूस आडवा पडलेला, हातात काठी, आणि उशाशी एक गाय. चांगली भरल्या अंगाची. पोटाखाली वासरू लुचत होतं. मान वर होती कारण ती हंबरत होती. कुणा पाथरवटाने फार निगुतीने गाय केली होती.

गुरवाने पाहिलं आणि कळशी उगाच विसळायला घेतली. त्याला गावात राहायचं होतं.

"काय आहे?" अण्णांनी हळूच विचारलं.

आता मी काय केलं ते सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगते. माझ्या डोळ्यांपुढे चारशे पानं आली. अकराव्या लेखाचा दाखला पुढे सहा लेखांत होता. आबा आले, मुखपृष्ठ आलं. अण्णांचं नाव आलं, या वयात, या उन्हात, सगळ्या गावासमोर. हातभर अंतरावर तात्यांची पाठ होती. सदरा घामाने चिकटलेला. ज्या गोष्टीसाठी हा माणूस इतकी वर्षं ऊस वाहून आणत होता ती त्याच्या मागे उघडी उभी होती, आणि पडदा धरलाय म्हणून तो मान वळवत नव्हता. हे सगळं दिसत असून मी म्हणाले, "घोडाच आहे, अण्णा."

जन्मभर मी पोरींना पुस्तकाचं पान दुमडू नका म्हणून ओरडले, आणि वेळ आली तेव्हा इतक्या सफाईने खोटं बोलले की आवाजसुद्धा हलला नाही.

अण्णांनी माझा हात सोडला. खाली बसले. गुडघे दुखतात, तरी बसले. दगडावर हात ठेवला आणि वरून खाली चाचपत आले. चंद्र, सूर्य, पिंड, माणूस. मग बोटं त्या जनावरावर आली आणि बराच वेळ तिथेच फिरत राहिली. पाठ, शेपूट, वासराचं डोकं, परत वर मान, कान, आणि कानांच्या वर.

"घोड्याला शिंगं असतात का गं?" त्यांनी विचारलं.

आवाज मंत्र म्हणत कमावलेला. पारापर्यंत गेला असणार.

आबा गावाकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "गुरुजी, ऊन व्हायला लागलंय. शेंदूर चढवून घ्या. बाकीचं मागनं बघू."

"तात्या," अण्णा म्हणाले, "मागे वळा. बघा."

"रीत न्हाय तशी," आबा म्हणाले.

"रीत मी सांगतो. वळा, तात्या."

तात्या वळले नाहीत. सगळ्या गावाने ऐकलं, ते म्हणाले, "नगं गुरुजी. पडदा धरलाय मी. आन मला बघायचं कुठं हुतं. आमच्या घरात ठावंच हाय की ते. तुमी म्हना, बास."

अण्णा माझ्या खांद्याचा आधार घेऊन उभे राहिले. शहाऐंशी वर्षांचं वजन एका हाताने माझ्यावर टाकलं, आणि तसं करताना माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "गाय आहे. वासरू आहे खाली. तात्यांची म्हातारी खरं बोलत होती. मी शहाणपणा केला. चूक माझी."

तात्यांच्या बाजूने पडदा खाली यायला लागला. आबांनी एकदा तिकडे पाहिलं, मग ते टोकही आपल्या दुसऱ्या हातात घेतलं आणि तात्यांना म्हणाले, "बसा जरा सावलीला." आबांचा मला त्या दिवसापुरता तरी राग आला नाही.

परतताना गाडीत मी म्हणाले, "अण्णा, मी मघाशी..." ते म्हणाले, "समोर बघ." समोर उसाची रिकामी ट्रॉली होती. हा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. मला मात्र तो जेवताना निघतो, भांडी घासताना निघतो.

चार दिवसांनी आबा पेढे घेऊन आले. म्हणाले, "गुरुजी, नारळ आजपासनं पैल्यावानी पाळीनं. मीच बोललो गावात. पर पुस्तकातलं ऱ्हाऊ द्या. छापलेलं परत कशाला उकरायचं? आमच्या वडलांच्या फोटोला काय सांगू मी?" शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा नेहमीचा मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. आपण सगळेच कुणाच्या तरी फोटोला उत्तर देत असतो. अण्णांनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला आणि म्हणाले, "आबा, तुमच्या वडिलांनी मला घोडा सांगितला आणि मी तो लगेच लिहिला. तशीच त्या बाईने मला गाय सांगितली होती. ती का नाही लिहिली?" आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा टाकायला उठले.

अण्णांनी अकरावा लेख नव्याने सांगितला, मी टाइप केला. पुढच्या सहा लेखांतला घोडा मी एकेक करून काढला. ते सोपं होतं. अडलं ते तळटीपेपाशी. अण्णांचा दंडक असा, की माहिती ज्याने दिली त्याचं नाव पानाच्या तळाशी हवंच. त्या गावचा टॉवेल सोडला. निळी किनार, आईने तोच एकदा अंग पुसायला मागितला होता. पत्रिका निघाल्या. आबांच्या वडिलांचं नाव, गाव, वय, बैठकीत कोण कोण होतं, सगळं खणखणीत. त्यांच्याच खाली एका पत्रिकेच्या पाठी एक ओळ मिळाली. 'खा. आळी. म्हातारी. गाय म्हणते. निराधार.'

मग मी सगळेच टॉवेल सोडले. पुरुषांची नावं होती, आडनावांसकट. बायका होत्या त्या अमक्याची आई, तमक्याची चुलती, म्हातारी, एक बाई. विहिरींच्या निम्म्या गोष्टी त्यांनी सांगितलेल्या. मी अण्णांना वाचून दाखवत गेले आणि ते ऐकत गेले. सातव्या टॉवेलाला म्हणाले, "पुरे."

त्यांनी तात्यांना फोन लावायला सांगितला. "तात्या, आजीचं नाव काय होतं? पुस्तकात घालायचंय."

पलीकडून वाऱ्याची घरघर येत होती. तात्या रानात होते. म्हणाले, "आमी आजीच म्हनायचो की. आई आत्याबाय म्हनायची. थांबा, काढतो."

तात्यांनी काढायचा प्रयत्न केला, हे मला नंतर कळलं. खालच्या आळीतल्या चार म्हाताऱ्यांना विचारलं. म्हातारीच्या माहेरी जाऊन आले, भिगवणच्या पुढे, तिथे तिच्या मागचं कुणी उरलं नव्हतं. सातबाऱ्यावर तिचं नाव कधी लागलंच नव्हतं. ग्रामपंचायतीत त्या सालच्या मृत्यूच्या नोंदवहीला वाळवी लागलेली. ज्या बाईसाठी तात्या चाळीस वर्षं आमच्या दारात उभे राहिले, तिचं नाव त्यांनाही माहीत नव्हतं.

आठवड्याने ते आले. संक्रांत नव्हती, हातात ऊस नव्हता. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. "नाव गावंना, गुरुजी," म्हणाले.

अण्णा म्हणाले, "मी तेव्हा तिला समोर बसून नाव विचारायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम. मग आता लिहायचं काय? म्हातारी तर मी पुन्हा लिहिणार नाही."

तात्यांनी विचार केला. रागावलेले दिसले नाहीत. कारखान्याबद्दल बोलताना याहून जास्त रागावतात. म्हणाले, "असं लिव्हा. गुरुजींनी जिचं तवा ऐकलं न्हाय, ती बाई."

मला वाटलं, आता अण्णा उसळणार. अण्णा माझ्याकडे वळले. "घे. शब्दाला शब्द घे."

मी घेतलं. समितीने पुढे त्या तळटीपेला हरकत घेतली, भाषा शास्त्रीय नाही म्हणून. आबांनीच ती हरकत हाणून पाडली. पण ते नंतर. त्या दिवशी मी पान छापून तात्यांपुढे टीपॉयवर ठेवलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. तात्यांची शाळा दुसरीपर्यंत. त्यांनी सबंध पानावरून नजर फिरवली आणि विचारलं, "ह्यात ती कुठं हाय?"

मी त्यांचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. मी आतून चहा आणला. तात्यांनी बोट उचललं नाही, डाव्या हाताने कप घेतला आणि तसाच सावकाश चहा प्यायले.